खळीतलं मोरचूद

मामा, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाचा, विलासचा फोन आला. म्हणाला, "ताई, तुमच्याकडं आप्पांचा एखादा चांगला फोटो हाय का? चौकात फ्लेक्स लावायचाय. घरात एकच हाय, माझ्या लग्नातला. त्यात आप्पा लय मागं उभे हायेत."

मी म्हणाले, असेलच, शोधून देते. संग्रहालयात तुम्ही उभी हयात काढलीत, फोटो नसेल कसा? दुपारभर कपाटातले सगळे आल्बम काढून बसले. मामा, तुमचा फोटो नाही. म्हणजे फोटो पन्नासएक आहेत, पण त्यात तुम्ही नाही. सुरुवातीच्या वर्षांत आपल्याकडे स्टँड नव्हता, म्हणून प्रत्येक पोस्टरचा फोटो काढताना ते तुम्हीच दोन्ही हातांनी उंच धरायचात. वरच्या कडेवर तुमची आठ बोटं दिसतात आणि खाली चपला. मधे कधी कुस्तीचा फड, कधी सर्कशीतला हत्ती, कधी तमाशाच्या फडाची जाहिरात. एका सत्कार समारंभाच्या फोटोत तुमचा कान आहे आणि चहाचा ट्रे आहे.

विलासला सांगितलं. तो म्हणाला, "असं कसं हो? एवढी वर्षं तिथं होते ना?"

आता तुम्हालाच लिहायला बसले आहे. तुमची नोकरी किती वर्षं झाली, स्वभाव किती मनमिळाऊ होता, हे मला लिहायचं नाही. मला एका दुपारबद्दल बोलायचंय. तिथवर पोचायला मला थोडा वेळ लागेल, तो द्या. तुम्हालाही मुद्द्यावर यायला एक अख्खी बिडी लागायची.

मी त्र्याण्णव साली रुजू झाले. नाशिकच्या जुन्या गोष्टी सांगणारं आपलं ते तीन खोल्यांचं संग्रहालय: नाणी, भांडी, तलवारी, आणि मागच्या खोलीत कुणीही न उघडलेले जुन्या पोस्टरांचे गठ्ठे. जुने कागद कसे जपायचे याचं काही महिन्यांचं शिक्षण घेऊन मी आले होते आणि ते जगात फक्त मलाच येतं अशा थाटात वावरत होते. तुम्ही शिपाई. सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणू लागले.

दुसऱ्याच दिवशी मी फाटलेल्या पोस्टरला पाठीमागून कागद लावायला मैद्याची खळ करायला घेतली. स्टोव्हवर पातेलं, हातात चमचा, शेजारी माझी वही. तुम्ही झाडू घेऊन दारात उभे राहून बघत होतात. गुठळ्या झाल्या.

"ताई, ही खळ नाय," तुम्ही म्हणालात, "ही लापशी झाली. गूळ घाला अन् खा."

मला राग आला होता. पण तुम्ही झाडू भिंतीला टेकवून आत आलात, पातेलं रिकामं केलंत, मैदा आधी गार पाण्यात कालवला, मग एका हाताने धार सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहिलात. हात थांबला नाही. शेवटी फडक्यातून गाळून माझ्यापुढे ठेवलीत. दुधावरच्या सायीसारखी खळ. मी विचारलं, कुठे शिकलात? तेव्हा कळलं की नोकरी लागण्याआधी तुम्ही पोस्टरं चिकटवायचात. सिनेमाची, तंबूतल्या खेळांची, जत्रेतल्या कुस्त्यांची. सायकलच्या हँडलला खळीचा डबा, मागे पोस्टरांची वळकटी, खांद्यावर शिडी. सायखेड्यापासून इगतपुरीपर्यंत तुम्ही भिंती ओळखायचात. कुठली भिंत खळ पिते, कुठली चुन्याची म्हणून सोडून देते. "इगतपुरीला पोस्टर लावायचं म्हंजे पावसाला जेवायला वाढायचं," असं म्हणायचात.

आणि मग तुम्ही खिशातून निळ्या खड्यांची पुडी काढलीत. "आता यात चिमूटभर मोरचूद टाका. म्हंजे झुरळं नाय, कसर नाय."

मी जवळजवळ ओरडलेच. मोरचूद म्हणजे तांबं, तांबं कागदाला आतून जाळतं, वर्षं गेली की कागद तपकिरी पडतो, मग हात लावला की मोडतो. हे सगळं मी तुम्हाला उभ्याउभ्या ऐकवलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग गठ्ठ्यातून एक पोस्टर काढून माझ्यापुढे धरलंत. "हे मी चिकटवलेलं. भिंतीवरनं सोडवून आनलंय कुनीतरी. बघा, एक तरी भोक हाय का कसरीचं?"

"भोक नाही. पण रंग बघा पाठीमागचा. आणि ही कड वाकवून बघा."

"वाकवायची कशाला? पोस्टर काय वाकवून बघायची चीज हाय का?"

तिथून सुरू झालेला तो वाद आपण नऊ वर्षं घातला. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी. मी खळ करायला घेतली की तुम्ही लांबूनच विचारायचात, "टाकू का चिमूटभर?" मी म्हणायचे, "पुडी खिशात ठेवा." कपाटात कधी कसर दिसली की तुम्ही ती टीपकागदावर घेऊन माझ्या टेबलावर आणून ठेवायचात, बोलायचात काहीच नाही. तुम्हाला हातमोजे दिले तेव्हा तुम्ही हसलात, "ज्याला उघड्या हातानं भिंतीवर थापलं त्याला आता हातमोजे?" पण घातलेत. पोस्टर जपून ठेवायची कल्पनाच तुम्हाला पटायची नाही. "ताई, पोस्टर आठ दिवसांचं असतं. खेळ गेला की त्यानं जायचं. त्याच्यावर दुसरं लागायचं. तुम्ही त्याला म्हातारपन देताय."

तरी त्या म्हाताऱ्यांची सेवा माझ्यापेक्षा तुम्ही जास्त केलीत. चिकटलेले कागद एकमेकांपासून सोडवायचे तर आधी त्यांना ओल द्यावी लागते, नेमकी. जास्त झाली तर रंग वाहतो, कमी झाली तर कागद फाटतो. मला ती कितीतरी दिवस साधेना. मग एकदा तुम्ही विचारलंत, "तुमच्या वडलांचा मखमलाबादला फुलमळा हाय ना? बाजारात न्यायच्या आधी गुलाबावर पानी कसं मारतात?"

मी म्हणाले, "मारत नाहीत. बोटांनी शिंपडतात आणि वर ओलं फडकं टाकून ठेवतात."

"मग तसंच करा की."

मी केलं. पोस्टरवर ओला टीपकागद, वर प्लास्टिक, आणि थांबायचं. मी शिकून आले होते त्या पुस्तकातही हेच होतं, पण हाताला ते तुम्ही आठवून दिलंत, माझ्याच घरातलं. त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हणाले नाही. तेव्हा वाटायचं, म्हणायची काय गरज? रोज तर भेटतोय.

सिंहस्थाच्या आधी शहरात रस्ते रुंद करायला घेतले ते वर्ष. एक दिवस तुम्ही जेवणाच्या सुट्टीतून धापा टाकत परत आलात. भद्रकालीतली एक बंद लाकडाची वखार पाडत होते. तिच्या रस्त्याकडेच्या फळ्यांवर वर्षानुवर्षं पोस्टरं लागत होती, एकावर एक. मजूर त्या फळ्या जाळायला बाजूला काढत होते. "ताई, चला. आत्ता चला. त्याच्या सगळ्यांत तळाला माझं काम हाय."

तुमचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. साहेबांना, म्हणजे आपल्या संचालकांना, न विचारताच निघालो. सहा फळ्या हातगाडीवर घालून, वर माझी ओढणी बांधून, दुपारच्या रहदारीतून तुम्ही ती गाडी ओढत आणलीत. कागदाचा थर गोधडीएवढा जाड होता. कडेने बघितलं तर मातीच्या दरडीसारखे पट्टे दिसत होते.

साहेब खूश झाले. वर्तमानपत्रातून माणूस आला. आणि आपण दोघं कामाला लागलो. चार महिने. वरचे थर निवडणुकांचे, मग सिनेमाचे, बियाण्यांचे, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचे, सर्कशीचे. सायकलची तार ठोकून चपटी केलेली तुमची ती सळी दोन कागदांच्या मधे घालून तुम्ही पुढे सरकायचात, मी मागून ओल देत यायचे. खोलीत पंखा लावता यायचा नाही. तुमच्या कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून तुम्ही डोक्याला टॉवेल बांधायचात.

थर कमी होत गेले तसं तुमचं बोलणं कमी होत गेलं. दहाबारा थर राहिले असतील तेव्हा एका दुपारी मी विचारलं, "मामा, तळाला काय आहे?"

तुम्ही सळी पुसून ठेवलीत. बिडी काढलीत, पण पेटवली नाहीत, खोलीत कागद होते म्हणून.

"काशिनाथ हाय," तुम्ही म्हणालात. "माझा धाकटा भाऊ."

तो हाताने अक्षरं काढायचा. छापायची ऐपत नसलेल्या मंडळांची पोस्टरं लाल-निळ्या रंगात कुंचल्याने रंगवायचा आणि तुम्ही दोघं मिळून चिकटवायचात. सायखेड्याच्या गणपतीत गावातल्या पोरांचं नाटक होतं. गावचे लोक नाशिकला कामाला होते, त्यांना कळावं म्हणून त्याने एक मोठं पोस्टर केलं आणि तुम्ही ते वखारीच्या फळ्यांवर लावलंत. "त्या दिशी मोरचूद जरा जास्तच टाकलं. मूठभर. म्हनलं, काशिनाथची अक्षरं हायेत, कसर लागाया नको."

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं सिनेमाची पोस्टरं लावायला इगतपुरीला गेलात. पाऊस होता. काशिनाथ शिडीवर, तुम्ही शिडी धरून खाली. सर जोरात आली. खळीचा डबा उघडा होता. खळ पातळ झाली तर दिवसभराचं काम बुडणार, म्हणून तुम्ही डब्यावर झाकण ठेवायला वळलात.

"येवढंच," तुम्ही म्हणालात. "झाकन ठेवायला येवढा वेळ लागतो." आणि हवेत हात फिरवून, झाकण ठेवल्यासारखा, मला दाखवलंत.

तो गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचा फोटो नव्हता, वही नव्हती. तुमच्या आईने त्यानंतर तुमच्याशी बोलणं टाकलं आणि घरात त्याचं नाव घ्यायचं बंद झालं. विलासलाही ठाऊक नाही, तुम्ही म्हणालात. "आता फकस्त त्या फळीवर हाय तो."

तुमचा चहा गार झाला होता, तो बदलून आणायला मी गेले. पहिल्यांदाच मी तुमच्यासाठी चहा आणला. तुम्ही उठून उभे राहिलात.

आता ती दुपार.

एप्रिल होता. शेवटचा थर. बाकीचे कागद एकमेकांना चिकटलेले होते, हा सरळ लाकडाला. आपण सकाळपासून ओल देत होतो. साडेतीनच्या सुमारास डावा कोपरा सुटला. त्यावर लाल रंगाची नक्षी होती, वेलीची, आणि तिच्या आत एका अक्षराची मात्रा. तुम्ही सळी खाली ठेवलीत आणि हातमोजा काढून त्या मात्रेवर बोट ठेवलंत. मी तुम्हाला हात लावू नका म्हणाले नाही. तेवढं तरी मी केलं.

मग मी पुढे सरकले. आणि कागद पापडासारखा बोलायला लागला. चर्र. मी थांबले, आणखी ओल दिली, वाट बघितली, पुन्हा सळी घातली. चर्र. पाठीमागून तो काळपट तपकिरी झाला होता, मधे मधे हिरवट डाग. जिथे खळ दाट लागली होती तिथे कागद राहिलाच नव्हता, नुसता आकार होता. वारा लागला तरी पडेल असा. तुम्ही काहीतरी सुचवत होतात, "ताई, फळीसकट राहू द्या, नका सोडवू." मी ऐकलं नाही. फळीला वाळवीची भोकं होती, कागद फळीवर ठेवणं चूक, असं मला शिकवलेलं होतं. मी तासभर काम करत राहिले. तासाभराने टेबलावर चिंध्या होत्या. नाटकाचं नाव गेलं. गावाचं नाव गेलं. मधली सगळी अक्षरं बोटभर बोटभर तुकड्यांत पडली आणि तुकडे उचलताना त्यांचे आणखी तुकडे झाले.

मी घामाघूम झाले होते, दमले होते, आणि माझ्या हातून झालं होतं. हे तिसरं मला सोसत नव्हतं. मी मान वर न करता म्हणाले, "सांगत होते ना मी तुम्हाला? मोरचूद टाकू नका म्हणून."

तुम्ही म्हणालात, "हो ताई."

आणि वाट्या आणि कुंचले गोळा करून मोरीवर धुवायला गेलात. नळ बराच वेळ चालू होता.

मामा, तुम्ही ते मोरचूद टाकलंत तेव्हा मी जन्मलेही नव्हते, असं मला स्वतःला सांगावं लागलं, इतकं ते वाक्य खुळं होतं. बाविसाव्या वर्षी भावाची अक्षरं टिकावीत म्हणून मूठभर जास्त टाकणाऱ्या माणसाला मी चाळीस वर्षांनी दटावत होते. त्याहून वाईट आहे ते असं, की माझी खात्रीही नव्हती. लाकूड स्वतःच कागदाला खातं. चाळीस उन्हाळे, पावसाची ओल, आणि माझी घाई. त्यातलं मोरचूद किती, हे कुणीच सांगू शकणार नाही, मी तर नाहीच. तरी त्या संध्याकाळी तपासणीच्या कागदावर, 'नुकसानीचे कारण' या रकान्यात, मी एकच शब्द लिहिला. तुमच्या खळीतला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वेळेवर आलात, झाडून काढलंत, चहा आणलात. मला वाटत होतं की तुम्ही रुसाल, दोन दिवस रजा टाकाल. मग मी काही बोलले असते. पण तुम्ही मला तशी संधी दिली नाहीत. फक्त त्यानंतर मी खळ करायला घेतली की तुम्ही दारातून "टाकू का?" असं विचारलं नाहीत. कधीच नाही.

वर्षभराने तुम्ही निवृत्त झालात. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल घातली, मी नारळ दिला. सगळे पांगल्यावर तुम्ही मागच्या खोलीत आलात.

"ताई, ते तुकडे मला द्याल का?"

मला माहीत होतं तुम्ही कुठले तुकडे म्हणताय. मी म्हणाले, "मामा, त्यांना नंबर पडलाय. नोंद झालीय. संग्रहालयाची वस्तू अशी देता येत नाही."

"तसं हाय का," तुम्ही म्हणालात. "बरं."

खरंच देता येत नव्हतं. पण मी विचारूही शकले असते ना? साहेबांना एक अर्ज लिहिला असता, आपण दोघांनी सह्या केल्या असत्या. मी नियम सांगितला कारण नियम सांगणं सोपं होतं. ते तुकडे तुमच्या हातात दिले असते तर मला त्या दुपारबद्दल बोलावं लागलं असतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. नवे साहेब आले, त्यांनी जागा मोकळी करायला ओळख न पटणाऱ्या वस्तूंची यादी मागवली. त्या यादीत तुकड्यांचं पाकीटही गेलं. बाद झालेल्या वस्तू जाळायच्या असतात. यादीवर सही माझीच होती. मी ते पाकीट पर्समध्ये टाकून गंगापूर रोडच्या घरी आणलं आणि रविवारी रविवारी थोडे थोडे करून ते तुकडे पातळ जपानी कागदावर बसवले. सगळे बसले नाहीत. वरची वेल आली, मधे पुष्कळ मोकळी जागा राहिली, आणि तळाला एक ओळ थोडीफार जुळली.

या वर्षी तुम्ही आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी सायखेड्याला आले. ते पुठ्ठ्याच्या घडीत बांधून माझ्या पिशवीत होतं. तुम्ही खाटेवर होतात, फार वाळला होतात. मामींनी चहा केला. आपण साहेबांबद्दल बोललो, छपराच्या गळतीबद्दल बोललो. तुम्ही विचारलंत, "खळ कोन करतं आता?"

"मीच."

"गुठळ्या?"

"नाही होत आता."

तुम्ही हसलात. मला वाटलं, आता 'टाकू का?' विचाराल. विचारलं नाहीत, म्हणून मीच पुढे सरकून म्हणाले, "कसर फार झालीय हो मामा. तुमची पुडी हवी होती."

तुम्ही मान हलवलीत. "नाय ताई. तुम्ही म्हनता तेच बरोबर होतं. मीच जाळलं त्याला."

पिशवी माझ्या पायाशी होती. तेव्हा मी 'नाही' म्हणायचं होतं. लाकडाचं सांगायचं होतं, माझ्या घाईचं सांगायचं होतं, तुम्ही 'फळीसकट राहू द्या' म्हणालात ते बरोबर होतं हे सांगायचं होतं. मामी दारात उभ्या होत्या, विलासची बायको भाकरी थापत होती. मी म्हणाले, "औषधं वेळेवर घ्या." आणि उठले. एस.टी.त बसल्यावर पिशवी मांडीवर घेतली आणि चांदोरीपर्यंत परत जावं की नाही याचा विचार करत राहिले. मग चांदोरी गेली.

मामा, मला माफ करा. हे तिथे बसून म्हणायला मिनिटही लागलं नसतं.

परवा तुमच्या दहाव्याला आले होते. नदीकाठी गाव जमला होता. मी बायकांच्या मागे बसले. गुरुजी विलासकडून तिलांजली देववून घेत होते. आधी तुमचं नाव, मग तुमच्या वडलांचं, आईचं, आजोबांचं. विलासला आठवतील तेवढी नावं झाली. गुरुजी म्हणाले, "आणखी कोणी राहिलंय का घरातलं? आठवून सांगा."

विलासने इकडेतिकडे बघितलं आणि नाही म्हणाला.

"काशिनाथ," मी म्हणाले.

मोठ्याने म्हणाले असणार, कारण सगळ्यांनी मागे वळून बघितलं. परक्या घरची बाई मी, तिथे बोलायचा मला काही अधिकार नव्हता. विलास म्हणाला, "कोन काशिनाथ?"

मग पुढे बसलेल्या मामी डोक्यावरचा पदर न हलवता म्हणाल्या, "तुझा चुलता. घे नाव."

त्याने घेतलं. पाणी सोडलं.

जेवणं झाल्यावर मामी मला पडवीत घेऊन गेल्या. त्यांनी विचारलं, "त्यांनी सांगितलं तुम्हाला?" मी हो म्हणाले. "मला बी कधी बोलले नाय," मामी म्हणाल्या. "मी नवी नवरी होते. भाऊजींनी आमच्या लग्नात मांडवाची पाटी रंगवली होती. दोघांची नावं. मला वाचता येत नाय, पन लय दिस ती पाटी मी चुलीमागं ठेवली होती. सासूबाईंनी नंतर जाळली."

मी पिशवीतून घडी काढली, नाडी सोडली. मामी हात पुसून आल्या आणि खाली वाकून बघत राहिल्या. वरच्या वेलीकडे बघितलं, मधल्या मोकळ्या जागेकडे बघितलं. तळाच्या ओळीवर बोट न टेकवता विचारलं, "हे काय लिव्हलंय?"

"अगत्य या."

"कुठं?"

ते गेलेल्या भागात होतं. पण ते मला तुम्ही सांगितलेलं होतं.

"इथंच," मी म्हणाले. "सायखेड्याला."

मामींनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच पुठ्ठा मिटला, नाडीची गाठ मारली आणि घडी माझ्या हातात परत दिली.

"असू द्या तुमच्याकडंच, ताई. आमच्याकडं उंदरं लय."

मी घेऊन आले.